सक्षम कोण? : सिकलसेल, नैसर्गिक निवड आणि पाळकाचे उत्तर

आईबाप दोघेही धडधाकट, दिवसभर शेतात राबणारे. त्यांच्या चार लेकरांपैकी एकाचे हातपाय तान्हेपणीच सुजतात, पुढे रात्र रात्र हाडे ठणकतात, डोळे पिवळे पडतात, पाणथरी वाढते. आणि एखाद्या पावसाळ्यात साध्या तापाचे निमित्त होऊन ते लेकरू जाते. मूठमाती देऊन परतताना बाप विचारतो, “मास्तर, हे कोणाच्या पापाचं फळ?” सिकलसेलचा आजार ज्या मुलखात आहे तेथे सेवा करणाऱ्या आपल्या धर्मशिक्षकांना हा प्रश्न नवा नाही. तो मुलूखही आपणांपासून दूर नाही. इंदूरच्या पश्चिमेस झाबुआ व अलीराजपूर, बडोद्याच्या पूर्वेस छोटा उदेपूर, हैदराबादच्या उत्तरेस आदिलाबाद, आणि नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंतचा महाराष्ट्र, असा हा पट्टा आहे. भिल्ल, पावरा, राठवा, गोंड, कोरकू इत्यादी समाजांत, तसेच विदर्भातील अनुसूचित जातींत व अन्य काही समाजांतही हा विकार आढळतो.

बापाच्या प्रश्नाला गावात दोन उत्तरे तयार असतात. एक जुने : वाडवडिलांचे पाप लेकरावर आले. दुसरे नवे, आणि ते बहुधा चार बुके शिकलेल्याच्या तोंडून येते : निसर्गाचा नियमच असा, दुबळा जातो, सबळ राहतो, बळी तो कान पिळी. पहिले उत्तर धर्माच्या नावाने दिले जाते, दुसरे विज्ञानाच्या. आमचे म्हणणे असे की पहिले जसे धर्माला धरून नाही, तसे दुसरे विज्ञानालाही धरून नाही. पहिल्याचे खंडन आपण पवित्र शास्त्राच्या आधारे करू शकतो. दुसऱ्याचे करावयाचे तर नैसर्गिक निवड म्हणजे काय आणि अनुवंशशास्त्रात ‘सक्षमता’ कशास म्हणतात, हे थोडे कष्ट घेऊन समजून घ्यावे लागेल. योगायोग असा की या विषयाचे जगातील सर्वांत स्पष्ट उदाहरण म्हणून ज्या विकाराकडे बोट दाखविले जाते तो हाच, आपल्या मंडळ्यांतील सिकलसेल.

आपल्या तांबड्या रक्तपेशी गोल, मध्यभागी दबलेल्या आणि लवचीक असतात. बारीकांत बारीक रक्तवाहिनीतून त्या अंग चोरून निघून जातात. त्यांच्यात भरलेले हिमोग्लोबिन फुफ्फुसांतून प्राणवायू उचलते व शरीरभर पोचविते. सिकलसेलच्या रुग्णात प्राणवायू सोडून दिल्यावर या हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांस चिकटून ताठ दोर बनतात आणि पेशी विळ्यासारखी वाकडी होते. अशा पेशी वाहिन्यांत अडकतात, म्हणून वेदना. लवकर फुटतात, म्हणून पंडुरोग व कावीळ. विळ्याच्या आकाराच्या या पेशींचे वर्णन शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी १९१० साली प्रथम प्रसिद्ध केले. १९४९ साली लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की या रुग्णांचा हिमोग्लोबिनचा रेणूच निराळा असतो. आणि १९५७ साली व्हर्नन इंग्रॅम यांनी तो निराळेपणा नेमका कोठे आहे ते सांगितले. १४६ अमिनो आम्लांची एक साखळी. तीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल असावयाचे, तेथे व्हॅलिन येते. एवढाच फरक. ‘दिन’ आणि ‘दीन’ यांत जेवढे अंतर, तेवढेच म्हणा ना! भारतात हा विकार प्रथम १९५२ साली निलगिरीतील आदिवासींत लेहमन व कटबुश यांना आढळला. पुढे मध्य व पश्चिम भारतात त्याचा विस्तार किती आहे हे हळूहळू उघड होत गेले.

ही साखळी घडविण्याची सूचना ज्या जनुकात असते त्याच्या प्रत्येकापाशी दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली व एक बापाकडून. नेहमीच्या प्रतीला ‘ए’ आणि बदललेल्या प्रतीला ‘एस’ म्हणतात. ज्याच्यापाशी दोन्ही ‘ए’ तो निर्दोष. एक ‘ए’ व एक ‘एस’ असेल तो वाहक. त्याची प्रकृती सामान्यतः उत्तम असते आणि चाचणी केल्यावाचून त्याला स्वतःलाही काही कळत नाही. दोन्ही ‘एस’ आल्या तर आजार. वाहक स्त्री व वाहक पुरुष यांच्या प्रत्येक अपत्याला आजाराची शक्यता चारांत एक, वाहक होण्याची चारांत दोन, आणि पूर्ण निर्दोष असण्याची चारांत एक. येथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. ‘चारांत एक’ याचा अर्थ चार मुलांमध्ये एकच आजारी होईल आणि ते झाले की बाकीची सुटली, असा नव्हे. प्रत्येक जन्माच्या वेळी नाणी नव्याने उडविली जातात. आम्हांस अशी कुटुंबे ठाऊक आहेत की जेथे पहिले मूल आजारी झाल्यावर ‘आता धोका टळला’ असे कोणीतरी सांगितले आणि दुसरेही तसेच झाले. हे गणित पहिल्यांदा मांडणारे ग्रेगोर मेंडेल हे ऑगस्टिनियन मठातील धर्मगुरू होते, आणि वाटाण्यांवरील त्यांचा निबंध १८६६ साली छापला गेला. धर्मशिक्षणाच्या वर्गात ही गोष्ट अवश्य सांगावी.

आता खरे कोडे. ज्या जनुकाच्या दोन प्रती आल्या की मूल बहुधा वयात येण्यापूर्वीच दगावत असे, ते जनुक शेकडो पिढ्या टिकले कसे? प्रत्येक मृत बालकाबरोबर दोन ‘एस’ प्रती नाहीशा होतात. असे होता होता ते केव्हाच संपावयास हवे होते. पण आफ्रिकेतील काही जमातींत शंभरांत वीसहून अधिक माणसे वाहक आढळत.

या कोड्याकडे नेणारी पहिली खूण १९४९ साली जे. बी. एस. हाल्डेन यांनी दिली. थॅलॅसेमिया या रक्ताच्याच दुसऱ्या आनुवंशिक विकाराविषयी लिहिताना त्यांनी सुचविले की त्याचे वाहक कदाचित मलेरियापुढे अधिक टिकाव धरत असतील. (हे हाल्डेन पुढे १९५७ साली भारतात आले, येथील नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वर येथे वारले.) सिकलसेलच्या बाबतीत प्रत्यक्ष पुरावा गोळा केला तो अँथनी अ‍ॅलिसन यांनी. केनियात वाढलेल्या या डॉक्टरांच्या ध्यानी आले की समुद्रकाठी आणि व्हिक्टोरिया सरोवराच्या परिसरात वाहक पुष्कळ आहेत, पण उंच, थंड प्रदेशात जवळजवळ नाहीत. आणि मलेरियाचाही नकाशा हाच. १९५४ साली त्यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. मलेरियाचा जंतू तांबड्या पेशीत शिरून तेथे वाढतो. वाहकाच्या शरीरात अशी जंतुग्रस्त पेशी वाकडी होण्याचा संभव अधिक असतो आणि पाणथरी तिला वेळीच उचलून नष्ट करते. जंतूंची वाढही तीत नीट होत नाही. त्यामुळे वाहक बालकास मलेरिया होतो, परंतु तो जीवघेणा होण्याचा धोका इतर बालकांच्या मानाने सुमारे एकदशांशच असतो. मलेरियाचा जंतू डासात वाढतो हे रोनाल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी पाहिले ते सिकंदराबादेस, हे आमच्या हैदराबादकर वाचकांना सांगावयास नको.

नैसर्गिक निवड येथे कशी काम करते ते एका हिशेबाने पाहू. आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत, पण हिशेबाची रीत खरी आहे. मलेरियाग्रस्त मुलखात एक हजार बालके जन्मली असे धरा. त्यांच्यापाशी मिळून जनुकाच्या दोन हजार प्रती आहेत. त्यांपैकी दोनशे, म्हणजे दहांत एक, ‘एस’ आहेत. विवाह सरमिसळ होत असतील तर त्या हजारांत ८१० बालके निर्दोष, १८० वाहक आणि १० आजारी असतील. निर्दोष बालकांपैकी दहांत एक मलेरियाने जाते असे माना : ८१ मृत्यू. आजारी दहांपैकी नऊ सिकलसेलने जातात : ९ मृत्यू. वाहक १८० तसेच राहतात. वाचलेली बालके ९१०. त्यांच्यापाशी प्रती १,८२०, आणि त्यांत ‘एस’ किती? वाहकांच्या १८० आणि वाचलेल्या एका रुग्णाच्या दोन, एकूण १८२. म्हणजे पुन्हा दहांत एकच! एका पिढीत नव्वद बालके गेली, परंतु जनुकाचे प्रमाण रतीभरही हलले नाही. ‘एस’ याहून विरळ असते तर त्याचे जवळजवळ सर्व धारक वाहक असते, त्यांना मलेरियापासून संरक्षणच मिळाले असते आणि ‘एस’ वाढले असते. ‘एस’ याहून अधिक असते तर दोन ‘एस’ची बालके जास्त जन्मली असती, दगावली असती आणि ते घटले असते. तराजूचा काटा या दोन मृत्यूंच्या मध्ये येऊन ठरतो.

या हिशेबातच ‘सक्षमता’ या शब्दाचा शास्त्रीय अर्थ आलेला आहे. वाहकाची सक्षमता १ धरली तर निर्दोषाची ०.९ आणि रुग्णाची ०.१. एका विशिष्ट परिस्थितीत, एका विशिष्ट जनुकरचनेच्या व्यक्ती सरासरीने किती संतती पुढच्या पिढीत पोचवितात, याचे हे तुलनात्मक प्रमाण. याहून त्यात काही नाही. शक्ती नाही, बुद्धी नाही, सद्गुण तर नाहीच. नाना हालअपेष्टा सोसून सुवार्ता सांगत फिरलेला संत पौल अविवाहित होता. संततीच्या मोजदादीत त्याच्या नावापुढे शून्य पडेल. आमच्यातील ब्रह्मचारी धर्मगुरूंच्या नावापुढेही तेच. मराठीत ‘सक्षमता’ म्हणा की ‘योग्यता’ म्हणा, शब्दाला कौतुकाचा वास लागलेला आहे, आणि तेथेच सारा घोटाळा होतो. ‘सर्वांत सक्षम तेच जगतात’ या अर्थाचा इंग्रजी वाक्प्रचार डार्विनचा नव्हे. तो १८६४ साली हर्बर्ट स्पेन्सर यांनी वापरला. डार्विन यांनी तो १८६९ साली आपल्या ग्रंथाच्या पाचव्या आवृत्तीत घेतला. तो घेतला नसता तर पुष्कळ अनर्थ टळला असता असे आम्हांस वाटते. आम्ही स्वतः अनेक वर्षे वर्गात ‘बळी तो कान पिळी’ या म्हणीनेच डार्विन शिकवीत आलो, ही आमचीही चूक येथे कबूल करावयास हवी. वरच्या उदाहरणात कान पिळणारा बळी कोण आहे? जो सर्वांत निर्दोष तो मलेरियाने मरतो आहे, आणि ज्याच्या रक्तात ‘दोष’ आहे तो वाचतो आहे.

शिवाय हे प्रमाण माणसाला कायमचे चिकटलेले नसते. ते परिस्थितीशी बांधलेले असते. डास नाहीसे करा, की निर्दोषाची सक्षमता ०.९ वरून १ होते आणि वाहकाची आघाडी संपते, वास्तविक कोणाच्याही रक्तात काहीएक बदललेले नसताना. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मलेरिया १९५१ पर्यंत संपुष्टात आला. तेथील आफ्रिकी वंशाच्या लोकांत आज सुमारे शेकडा ८ वाहक आहेत. पश्चिम आफ्रिकेतील त्यांच्या पूर्वजांच्या मुलखात हे प्रमाण पुष्कळ अधिक आहे. या घटीत इतर वंशांशी झालेल्या मिश्रणाचाही वाटा आहे हे ध्यानात ठेवावे. आपल्या देशात स्वातंत्र्याच्या वेळी दरसाल सुमारे साडेसात कोटी लोकांना मलेरिया होई व आठ लाख दगावत, असा सरकारी अंदाज होता. १९५३ साली राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि तेव्हापासून चित्र पालटत गेले. तराजूचे एक पारडे हलके झाले. दुसरे मात्र झोपडीझोपडीत तसेच आहे.

मग ‘एस’ आता आपोआप संपेल काय? संपेल, पण वेग पाहा. एकही रुग्ण बालक संतती होण्याच्या वयापर्यंत पोचत नाही, इतके कठोर गृहीत धरले तरी दहांत एक असलेले ‘एस’ वीसांत एक व्हावयास दहा पिढ्या लागतात. आणि शंभरांत एक असलेले दोनशेंत एक व्हावयास शंभर पिढ्या, म्हणजे सुमारे अडीच हजार वर्षे! आजपासून तितके मागे गेले तर आपण बाबेलच्या बंदिवासाच्या काळाजवळ पोचतो. कारण उघड आहे. जनुक जसजसे विरळ होते तसतसे ते निरोगी वाहकांच्या ठायी लपते, आणि निवडीची दृष्टी तेथे पोचत नाही. रोग्यांना विवाह करू दिला नाही की समाज ‘शुद्ध’ होईल, असे म्हणणाऱ्यांना हे साधे गणित ठाऊक नसते, किंवा ठाऊक असून ते सांगत नाहीत.

बाबेलचा उल्लेख ओघाने आलाच आहे, तर बापाच्या प्रश्नाकडे वळू. बंदिवासातील लोकही हेच म्हणत होते की पाप बापांचे आणि शिक्षा मात्र आम्हांला. आंबट द्राक्षांची त्यांची म्हण यहेज्केलाच्या १८ व्या अध्यायात आहे, आणि परमेश्वराने ती म्हण पुन्हा उच्चारू नका असे बजाविले तेही त्याच अध्यायात आहे. निर्गमाच्या २० व्या अध्यायातील तिसऱ्या व चौथ्या पिढीचे वचन पुढे करून आनुवंशिक रोगाचा अर्थ लावणाऱ्याने हा अध्याय आधी वाचावा. योहानाच्या ९ व्या अध्यायात तर शिष्यांनी जन्मांधाविषयी अगदी आपल्या बापाचाच प्रश्न विचारला : पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? प्रभूने दोन्ही नाकारले. सिकलसेलच्या बाबतीत तर पापाला जागाच उरत नाही. आईबापांनी जे दिले ते त्यांनाही मिळालेलेच होते. ते त्यांनी निवडले नाही, त्यांना ते ठाऊकही नव्हते, आणि ज्या पूर्वजापासून ते आले तो कदाचित त्या एका प्रतीमुळेच लहानपणच्या मलेरियातून वाचला होता. आमच्या अनुभवात ही शेवटची गोष्ट आईबापांच्या मनावरचे ओझे जितके हलके करते तितके दुसरे काही करीत नाही. आपल्या घराण्यातून काळिमा उतरत आला असे ज्यांना वाटत होते, त्यांना प्रथमच कळते की त्याच वारशाने त्यांच्या आजोबा-पणजोबांचे प्राण राखले असतील.

पण येथे प्रवचनकाराने सावध राहावे. येथून एक पाऊल पुढे जाऊन ‘देवाने मलेरियापासून रक्षणासाठीच सिकलसेल दिले’ असे म्हणण्याचा मोह होतो. आम्ही असे म्हणणार नाही. वरच्या हिशेबात १८० वाचले, त्याच हिशेबात नऊ गेले. आणि ज्याच्या दारात त्या नवांपैकी एक आहे त्याला १८० चा आकडा सांगणे हे सांत्वन नव्हे. नैसर्गिक निवड सरासरीवर चालते. तिला समूह असतो, नाव नसते. शंभरांतील एका मेंढरासाठी नव्याण्णव रानात ठेवून जाणारा लूकाच्या १५ व्या अध्यायातील मेंढपाळ तिच्या हिशेबात बसत नाही. परमेश्वराने सृष्टीला स्वतःच्या नियमांनी बदलत जाण्याची मुभा दिली, असे मानणारे ईश्वरविज्ञान आम्हांस मान्य आहे. उत्क्रांतीचा सिद्धान्त हा आता केवळ एक तर्क राहिलेला नाही असे पोप दुसरे जॉन पॉल यांनी २२ ऑक्टोबर १९९६ च्या संदेशात म्हटले, आणि थिओडोसियस डॉबझान्स्कीसारखे आघाडीचे अनुवंशशास्त्रज्ञ ऑर्थोडॉक्स मंडळीचे श्रद्धावंत होते. तरीही त्या नियमांची किंमत बालकांच्या प्राणांनी का भरली जावी, याचे समाधानकारक उत्तर आमच्यापाशी नाही. रोमकरांस पत्राच्या ८ व्या अध्यायात पौल सृष्टीच्या कण्हण्याविषयी बोलतो. तो तिचे समर्थन करीत बसत नाही. अंत्यविधीच्या वेळी तितकेच बोलावे.

सक्षमतेचा शब्द चुकीच्या हाती गेला की काय होते, याचा इतिहास आपल्यापैकी पुष्कळांना अर्धाच ठाऊक असतो. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८३ साली सुप्रजाशास्त्राचे इंग्रजी नाव घडविले. १९२७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सक्तीच्या नसबंदीचा कायदा वैध ठरविला. जुलै १९३३ मध्ये जर्मनीत आनुवंशिक रोग्यांच्या नसबंदीचा कायदा झाला, आणि १९३९ पासून तेथे रुग्ण व अपंग यांची सरसकट हत्या सुरू झाली. ऑगस्ट १९४१ पर्यंत केवळ वायुगृहांत ७०,००० हून अधिक माणसे मारली गेली. ३ ऑगस्ट १९४१ रोजी म्युन्स्टरचे बिशप फॉन गालेन यांनी व्यासपीठावरून त्याविरुद्ध उघड प्रवचन केले. हे आपण अभिमानाने सांगतो, आणि सांगावेही. पण १९२६ साली अमेरिकेतील सुप्रजाशास्त्र संस्थेने त्या विषयावर प्रवचनांची स्पर्धा लावली तेव्हा तीत भाग घेणारेही धर्मगुरूच होते. नैसर्गिक निवडीचे गणित १९३० च्या आपल्या ग्रंथात सिद्ध करणारे रोनाल्ड फिशर चर्चला जाणारे अँग्लिकन होते आणि सुप्रजाशास्त्राचे कट्टर पुरस्कर्तेही. उलट नास्तिक हाल्डेन यांनी १९३८ साली ग्रंथ लिहून सक्तीच्या नसबंदीमागील शास्त्रीय दाव्यांची चिरफाड केली. तेव्हा या बाबतीत पाप विज्ञानाचे आणि पुण्य मंडळीचे, अशी सोयीची वाटणी करता येत नाही.

एक प्रसंग तर थेट आपल्या कामाशी भिडतो. १९१२ साली शिकागोच्या एपिस्कोपल कॅथीड्रलचे डीन वॉल्टर सम्नर यांनी जाहीर केले की डॉक्टरांचा आरोग्य-दाखला आणल्यावाचून आपण कोणाचा विवाह लावणार नाही. त्या काळी पुष्कळांनी त्याचे स्वागत केले. आज आपल्याकडेही सिकलसेलच्या चाचणीचे कार्ड निघते. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले असून चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे त्याचे उद्दिष्ट आहे. (‘निर्मूलन’ हा शब्द आजाराच्या त्रासापुरताच घ्यावा, जनुकाचे निर्मूलन तेवढ्या अवधीत होणारे नाही, हे वर पाहिलेच.) तेव्हा प्रश्न असा की विवाहाच्या पुकारण्यापूर्वी पाळकाने हे कार्ड मागावे काय?

आमचे मत : मागू नये, पण चाचणी करून घेण्यास जरूर सांगावे, आणि सोयरीक पक्की होण्यापूर्वी सांगावे, पुकारणी झाल्यावर नव्हे. पोप अकरावे पायस यांनी ३१ डिसेंबर १९३० च्या परिपत्रात जी मर्यादा आखली ती प्रॉटेस्टंट वाचकांनीही विचारात घेण्याजोगी आहे : सल्ला देणे वेगळे, आणि विवाहास समर्थ असलेल्या माणसाला संततीच्या भयाने विवाहाचा हक्क नाकारणे वेगळे. चाचणी दोघांचीही व्हावी. प्रत्यक्षात मुलीचेच कार्ड पाहिले जाते आणि वाहक मुलीचे लग्न मोडते. मुलगा वाहक असल्याचे मात्र झाकले जाते. वाहक व निर्दोष यांच्या विवाहात सिकलसेलचे आजारी मूल होत नाही, हे स्पष्ट शब्दांत सांगावे. निर्दोष म्हणजे थॅलॅसेमियाचाही वाहक नसलेला, कारण ते दोन जनुक एकत्र आले तरी आजार होतो. दोघेही वाहक निघाले तर चारांत एक हे प्रमाण वर सांगितल्या रीतीने समजावून द्यावे, वैद्यकीय सल्लागाराकडे पाठवावे आणि निर्णय त्यांच्यावर सोडावा. गर्भपरीक्षेचा प्रश्न गंभीर असून त्याला स्वतंत्र लेख हवा. आणि जे कळले ते पापनिवेदनाइतकेच गुप्त ठेवावे. १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेत घाईने झालेल्या तपासणीत निरोगी वाहकांनाच रोगी समजले गेले, काहींच्या नोकऱ्या व विमे गेले. आपल्या गावांत तर अख्ख्या जमातीवर शिक्का बसावयास वेळ लागत नाही.

धर्मशिक्षकाने काही व्यावहारिक गोष्टी लक्षात ठेवाव्यात. शिबिरात होते ती विद्राव्यता चाचणी रक्तात ‘एस’ आहे एवढेच सांगते. माणूस वाहक आहे की रुग्ण, हे ती सांगत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा तत्सम दुसरी चाचणी लागते, आणि ती होईपर्यंत कोणासही ‘सिकलसेलवाला’ म्हणू नये. हा आजार स्पर्शाने, उष्ट्याने वा एका पंगतीत बसल्याने होत नाही. रुग्ण बालकाला ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा, अंगारा व झाडपाल्यात रात्र घालवू नये. पाणी भरपूर पाजावे, थंडीवाऱ्यापासून जपावे, लशी चुकवू नयेत. हायड्रॉक्सियुरिया या औषधाने पुष्कळ रुग्णांच्या वेदनांचे झटके कमी होतात. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावयाचे असते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, त्याचा दाखला काढून देण्याच्या कामी मंडळीतील एखाद्या लिहित्यावाचत्या तरुणाला नेमावे. गोळ्या संपल्या म्हणून तालुक्याला जावयाचे तर एसटीच्या भाड्याचे पैसे घरात आहेत काय, हेही मास्तरांनी विचारावे.